जिलबीच्या दिवशी विचारलेला प्रश्न

माझ्या धाकट्या बहिणीच्या बोलण्यात वाईट गुण आहे, ती तोंडाने काढते ते खरे होते, असे मी एकदा सांगितले. ते खोटे होते, आणि सांगतानाच मला ते माहीत होते. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो, ती सहा वर्षांची. पुढे मी बरीच वर्षे माझ्या वयाकडे बोट दाखवून स्वतःची सुटका करून घेतली. लहान होतो, घाबरलो होतो, असे स्वतःला सांगायचे आणि विषय बाजूला सारायचा. पण घाबरलेली तर तीही होती, आणि तिने माझ्यावर कधी काही ढकलले नाही. म्हणून झाले ते पहिल्यापासून लिहितो.

आमचे वडील अमरावतीला प्राथमिक शाळेत मास्तर होते. ते गेले आणि वर्ष फिरण्याच्या आत आईही गेली. एकोणीसशे पन्नास उलटून दोनेक वर्षे झाली असतील. वडिलांच्या बाजूचे कोणी उरले नव्हते. आईचा एक भाऊ अकोल्याला वकिलाकडे कारकून होता. आईच्या तेराव्याला मामा आले, आमच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "घराचं जमलं की नेतो रे तुम्हाला." त्यांच्याकडे तेव्हा एकच खोली होती. आम्हाला अमरावतीतल्याच एका अनाथाश्रमात ठेवले गेले. बहीण चार वर्षांची होती. आश्रमाच्या आधीचे तिला काही आठवत नाही.

आश्रमात आम्हाला मारझोड नव्हती, उपासमार नव्हती. सकाळी भाकरी आणि अंबाडीची भाजी, संध्याकाळी भाकरी आणि पातळ वरण. गोड शिजायचे ते फक्त कोणाच्या तरी पुण्यतिथीला. गावातली सधन घरे आपल्या गेलेल्या माणसाच्या नावाने आम्हाला एक जेवण घालत. लग्न-मुंजीत आमची आठवण कोणाला होत नसे. शुभकार्यात अनाथ पोरे कोण बोलावतो? जेवणघराच्या दाराशी एक फळा होता. त्यावर खडूने लिहिलेले असे, 'आजचे अन्नदान कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ'. पाने वाढून झाली की आम्ही उभे राहायचो, हात जोडायचो आणि एका सुरात म्हणायचो, "गेलेल्या जिवाला शांती लाभो, देणाऱ्याचे कल्याण होवो." मग बसून तुटून पडायचो.

त्या गेलेल्या माणसांना आम्ही पदार्थांवरून ओळखत असू. बुंदीवाले आजोबा, शिऱ्याची आजी, जिलबीवाले वकील. एकदा पावसाळ्यात बरेच दिवस गोड झाले नाही, तेव्हा आमच्यातला एक दांडगा मुलगा कपाळावर हात मारून म्हणाला, "लेकहो, या गावात कोणी मरूनच नाही राहिलं!" आम्ही पोट धरधरून हसलो होतो. स्वयंपाकाच्या मावशींनी पळी उगारली तरी हसू थांबेना.

बहिणीला हे सगळे मीच शिकवले. तिने पहिल्यांदा पानात जिलबी पाहिली तेव्हा माझी बाही ओढून विचारले, "दादा, आज जिलबी कावून?"

"कोणी तरी गेलं म्हणून."

"कोण?"

"तिथं फळ्यावर लिहिलंय बघ."

तिला वाचता येत नव्हते. त्यामुळे प्रत्येक गोडाच्या दिवशी ती जी मोठी बाई समोर दिसेल तिला आधी विचारून घ्यायची, "आज कोण गेलं?" उत्तर मिळाले की खूश होऊन रांगेत जाऊन बसायची. घंटा झाली की उठायचे, तसे तिच्या लेखी जिलबी झाली की कोणी तरी गेलेले असायचे.

दोन वर्षांनी मामा आले. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांना दोन खोल्या आणि मागे लहानसे अंगण असे घर मिळाले होते. मामींना दिवस गेलेले होते. याआधी त्यांची दोन मुले जन्मून महिन्याच्या आतच गेली होती. घरात कोणी वडीलधारे नव्हते. मामा आश्रमाच्या व्यवस्थापकांना म्हणाले, "पोरांची मदतही होईल, आणि बहिणीचं ऋणही फिटेल." व्यवस्थापक स्पष्ट बोलणारे होते. ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत मी यांच्या जागा भरत नाही. नाही जमलं तर आणून सोडा. मात्र आज या नातेवाइकाकडे, उद्या त्या नातेवाइकाकडे असं फिरवू नका."

मी दाराशी माझी वळकटी घेऊन उभा होतो. ते वाक्य मी ऐकले. म्हणजे आम्ही कायमचे जात नव्हतो. आम्हाला पारखून बघणार होते.

अमरावतीहून बडनेऱ्यापर्यंत एक गाडी, तिथून अकोल्याची दुसरी. मामा डुलकी काढत होते. मी बहिणीला खिडकीशी घेऊन सगळे नियम शिकवले. दुसऱ्यांदा वाढा म्हणायचे नाही. रडायचे नाही. भूक लागली का विचारले तर नाही म्हणायचे.

"आणि खरंच लागली तर?"

"तर मला सांगायचं."

"आणि तुला लागली तर?"

 मी पुढचा नियम सांगितला, की जेवणाआधी हात जोडून ती आश्रमातली प्रार्थना म्हणायची नाही, आश्रमातले काहीच बोलायचे नाही, नाही तर आपल्याला आश्रमातली पोरे म्हणतील. तिने प्रत्येक नियमाला मान हलवली. मूर्तिजापूर मागे पडले तोवर मला वाटले की आता काही सांगायचे उरले नाही. जिलबीचे मात्र मला सुचलेच नाही.

स्टेशनावरून टांग्याने मोर्णा नदीचा पूल ओलांडून आम्ही जुन्या शहरात आलो. मामी दारात उभ्या होत्या. उंच, तोंडाने फटकळ, हाताने मऊ. पहिल्याच दिवशी त्यांनी बहिणीला पुढ्यात घेऊन तिच्या केसांतला गुंता सोडवला. "काय ग हे, चिमणीचं घरटं की डोकं?" बहीण हसली. मी तिच्याकडे डोळे वटारले. हसण्याबद्दल मी नियम केलेला नव्हता, पण मला भीती वाटली.

मी त्या घरात कसा राहिलो ते आठवले की आजही मान आखडते. विहिरीचे पाणी ओढायचे, अंथरुणे काढायची, मामांच्या चपला जोडीने लावायच्या, आणि सारखे कान टवकारून असायचे. टोपलीत भाकरी उरली तरी अजून घेऊ की नको हे मामींच्या तोंडाकडे पाहून ठरवायचो. मामा एकदा चिडून म्हणाले, "अरे, पोरासारखा पोर हो ना! सरकारी पाहुणा आल्यासारखा काय वागतोस?" मी 'हो' म्हणालो आणि त्यांच्या धोतराचा सोगा झटकायला धावलो.

बहीण मात्र महिनाभरात माझे नियम विसरली. तिसऱ्यांदा वरण मागायची. मामींच्या पोटाला कान लावून विचारायची, "बाळ आतमधे काय जेवून राहिलं?" मामी खो खो हसायच्या आणि शेजारणीला हाक मारून तिला तो प्रश्न पुन्हा विचारायला लावायच्या. तिने सगळे नियम मोडले आणि तिला कोणी काही केले नाही. मी सगळे पाळले, आणि मामींनी माझ्या केसांतून कधी हात फिरवला नाही. ती तिथे रमली याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

एका दुपारी मी मागच्या अंगणात भांडी घासत होतो. आतून मामींचा आवाज आला. "बाळ आलं की दोघं नाही हो पेलवायचे मला. एकाला ठेवू."

"कोणाला?" मामांनी विचारले.

"पोरगी लाघवी आहे. लहान आहे, घरात मिसळून जाईल. पोरगा आपला होऊनच नाही राहिला. सारखा परक्यासारखा बघतो."

"दोघं एकमेकांशिवाय राहतील का?"

"राहतात पोरं. सवय होते."

 मी हातातले पातेले घासतच राहिलो. ते केव्हाच लख्ख झाले होते.

श्रावणात मुलगा झाला. अंगाने धडधाकट. मामींना त्याच्याकडे बघून रडू यायचे आणि त्या लगेच स्वतःला दटावायच्या, की डोळ्यांतून पाणी काढू नये, अपशकुन होतो. काजळाची तीट, दाराला लिंबू-मिरची, उशाशी विळा. दोन मुले गेलेल्या घरात जे जे करतात ते सगळे होते. मामा सुशिक्षित होते, पण त्यांनीही एका शब्दाने विरोध केला नाही.

बाराव्या दिवशी बारसे. मामांनी हात सैल सोडून अंगणात आचारी बसवला. पहाटेपासून जिलबीचा वास गल्लीभर पसरला. आतल्या खोलीत पाळणा टांगला होता, बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. मी पाण्याचे तांबे भरून दाराशी ठेवत होतो. तेवढ्यात बहीण अंगणातून पळत आत आली. नवा परकर, डोक्याला फुले, तोंड आनंदाने फुललेले. ती सरळ पाळण्याशी बसलेल्या मामींपुढे उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "मामी, आज कोण गेलं?"

पाळण्याची दोरी ज्या बाईच्या हातात होती, तिचा हात थांबला.

"काय बोलून राहिली ही पोरगी!" शेजारच्या आजी कडाडल्या.

बहिणीला वाटले ऐकू गेले नाही. तिने पुन्हा विचारले, आणि कोणी उत्तर देईना तेव्हा हात जोडून, डोळे मिटून सुरू केले, "गेलेल्या जिवाला शांती..."

एका बाईने तिच्या तोंडावर हात दाबला आणि तिला ओढत बाहेर नेले. मामींनी बाळाला पाळण्यातून उचलून घट्ट छातीशी धरले होते. त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

कार्यक्रम कसाबसा आटोपला. बायका पांगल्यावर मामींनी मला स्वयंपाकघरात बोलावले. बाळ त्यांच्या खांद्यावर होते. त्या रागावलेल्या नव्हत्या. घाबरलेल्या होत्या, आणि मी त्यांना धीर द्यावा असा त्यांचा सूर होता. "हे कोणी शिकवलं रे तिला? आश्रमात असं म्हणायला लावायचे का?"

दोन वाक्यांचे काम होते. मामी, तिथे जिलबी फक्त पुण्यतिथीला मिळते, ते तिला मीच सांगितलंय. एवढे ऐकले असते तर त्या कदाचित रडता रडता हसल्याही असत्या. ती वाक्ये माझ्या तोंडात तयार होती. पण त्याच क्षणी मला अंगणात ऐकलेले सगळे आठवले. एकाला ठेवू. पोरगी लाघवी आहे.

मी म्हणालो, "नाही मामी. आश्रमात असं कोणीच बोलत नाही. तीच बोलते." आणि त्यावर आणखी एक वाक्य घातले, जे मला कोणी विचारलेच नव्हते. "ती असं बोलली की खरंच कोणी तरी गेलेलं असतं."

त्या शेवटच्या वाक्यातले शब्द पाहिले तर खरेच होते. म्हणून तर ते इतके सहज निघाले.

पुढच्या आठवड्यात बाळाला ताप भरला. डॉक्टर आले, औषध दिले, म्हणाले हवेचा आहे, उतरेल. उतरलाही. पण तो उतरेपर्यंत मामींनी बहिणीला आतल्या खोलीचा उंबरठा ओलांडू दिला नाही. तिचे ताट बाहेर ठेवले जायचे. ती दाराच्या चौकटीला टेकून आत बघत बसायची. मी तिच्याजवळ बसत नसे. बसलो तर मीही तिच्यातलाच धरला जाईन, असे वाटायचे.

दिवाळीच्या आधी मामांनी सांगितले की तिला अमरावतीला पोचवून येतो. मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. त्यांनी डब्यात शंकरपाळे भरून पाठवले. मामा मला म्हणाले, "चल, तू पण ये. तिला बरं वाटेल." मी म्हणालो, सहामाही परीक्षा आहे. परीक्षा संपून गेली होती. मामांना ते माहीत होते असे मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले. 

टांगा दारात आला. बहीण वळकटीवर बसून होती. तिने विचारले, "दादा, मी काय केलं?"

"काही नाही. तिकडं शाळा चांगली आहे."

"मग तू कावून नाही येत?"

मी टांग्याच्या घोड्याकडे बघत राहिलो.

मी मामांकडे राहून मॅट्रिक झालो. माझे तिथे चांगले चालले, हेही लिहिले पाहिजे. मामींनी पुढे मला स्वतःच्या मुलासारखेच वाढवले, आणि तो मुलगा मला सख्ख्या भावासारखा झाला. सुट्टीत मी अमरावतीला जाऊन बहिणीला भेटत असे. ती रांगेत वाढली, शिकली, कपडे शिवायला शिकली. पण ती प्रश्न विचारायची बंद झाली होती. तिला सांगितले ते ऐकायची, दिले ते घ्यायची. मैत्रिणीच्या घरी हळदीकुंकवाला नेले तर मागे भिंतीशी बसून तोंड घट्ट मिटून असायची. ती चौदा-पंधरा वर्षांची असताना एकदा आश्रमाच्या ओट्यावर बसून तिने खाली बघत विचारले, "मामाचं बाळ नीट आहे ना रे? म्हणजे आता?"

मी म्हणालो, "आता शाळेत जातो. रोज मार खातो."

ती हसली. तिने कशासाठी विचारले ते मला कळले होते. सांगायला त्याहून चांगली वेळ मिळाली नसती. मी उठून बसस्टँडकडे गेलो.

पासष्ट साल उलटल्यावर मला अमरावतीत सरकारी कचेरीत नोकरी लागली. मी दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि तिला माझ्याकडे आणले. ती ट्रेनिंग पुरे करून एका शाळेत शिकवू लागली होती. तिवशाकडचे एक स्थळ आले. मुलगा तिच्यासारखाच मास्तर, घरची थोडी शेती. तिला तो पसंत होता. तिने तसे म्हटले नाही. पण पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तिने खिडक्यांचे पडदे धुऊन पुन्हा टांगले, तेव्हा मी समजलो.

मुलगा, त्याचे चुलते आणि चुलती आली. वडीलधारे म्हणून अकोल्याहून मामा आले होते. पोहे झाले, चहा झाला, बहीण ट्रे घेऊन आत गेली. तिच्या पावलांचा आवाज दाराआडच थांबला. चुलते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "पोरगी चांगली आहे. एक विचारतो, राग नका मानू. मामाच्या घरून हिला परत आश्रमात कावून धाडलं?"

मामा सावरून बसले. "तेव्हा घरात अडचण होती..."

"तसं नाही. आमी जुन्या शहरात चौकशी केली. तिथल्या बाया अजून म्हणून राहिल्या की पोरीच्या जिभेचं काही तरी होतं. आमच्या घरात उद्या लेकरं होतील. खरं काय ते सांगा."

मामांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना उत्तर माहीतच नव्हते; त्यांना मामींनी सांगितले तेवढेच ठाऊक होते. इतक्या वर्षांत ते माझे वाक्य मेले नव्हते. ते अकोल्याच्या गल्लीत दम धरून होते आणि आता तिवशाला जायला निघाले होते.  मी नुसते 'बायकांच्या गप्पा' म्हणून हसलो असतो तर कदाचित निभावलेही असते, कदाचित नसते.

मी सगळे सांगितले. फळा, पुण्यतिथी, जिलबी, बारसे, स्वयंपाकघर. अंगणात काय ऐकले होते तेही सांगितले. 

चुलते पुढे सरकून बसले. मग म्हणाले, "म्हणजे पोरगी खरी, अन् तुमी खोटे."

"हो."

"मंग आज तुमी खरं बोलून राहिले याचा काय भरवसा?"

 मामाच बोलले, अगदी हळू. "त्या दिवशी जिलबी होती, हे मला आठवतं. बाकीचं मी आज पहिल्यांदा ऐकतोय." आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

 चुलती उठता उठता नवऱ्याला म्हणाल्या, "सहा वर्षांच्या लेकराले जिलबी दिसली, त्यानं इचारलं. त्यात एवढं काय?" चुलत्यांनी 'कळवतो' म्हटले आणि सगळे गेले. त्यांचा होकार आला तो नंतर. त्या दुपारी आम्हाला त्याचा काही भरवसा नव्हता. मामा त्यांना पोचवायला बसस्टँडपर्यंत गेले.

मी आत गेलो. बहीण चुलीजवळ पाटावर बसली होती. खरकट्या बशा तशाच समोर होत्या. तिने वर पाहिले नाही.

"मामी मला ठेवणार होत्या?"

"हो."

"आणि बाळाचा ताप?"

"साधा ताप होता. लहान पोरांना येतो तसा."

"हे तुला तेव्हा माहीत होतं?"

"हो."

तिने एक बशी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. मी तिच्यापुढे जमिनीवर बसलो. माफी मागायची शब्दरचना मी कितीदा तरी मनात केली होती. त्यातले एकही वाक्य आठवेना. मी म्हणालो, "तुझं काहीच चुकलं नव्हतं. जिलबीचं तुला मीच शिकवलं होतं, आणि विचारल्यावर मीच मामींना खोटं सांगितलं, कारण मला परत जायचं नव्हतं. तुझी जागा मी घेतली. तू टांग्यात बसताना विचारलंस, ओट्यावर बसून विचारलंस, तेव्हाही गप्प राहिलो. आजसुद्धा त्यांनी विचारलं म्हणून बोललो, आपणहून नाही. मी तुझा अपराधी आहे. मला माफ कर."